कॅमेरा घेण्याआधी शिगमो आठवा

डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यावा की खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, हे मेगापिक्सेल मोजून ठरवू नका. आधी सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, बघा. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम ६ × ४.५ मिमी, तर नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरचा सुमारे २३ × १५ मिमी; क्षेत्रफळ बारापटीहून जास्त. गोव्याच्या शिगम्यात, म्हणजे होळीच्या सुमाराच्या उत्सवात, फोंड्यात रात्री रोमटामेळ (ढोल-ताशांची मिरवणूक) नाचत पुढे सरकतो तेव्हा हा फरक कळतो. कॉम्पॅक्ट आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवतो आणि फोटो रवाळ होतो, नाहीतर शटर मंदावून नाचणारेच पुसट होतात. अंगचा फ्लॅश चार-पाच मीटरांपुढे फारसा पोचतही नाही.

मात्र डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ मिमी झूम लेन्सही रात्री तोकडीच पडते. बजेटात जास्त प्रकाश आत घेणारी ५० मिमी एफ १.८ लेन्स बसवा. (निकॉन डी३५००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी लेन्स स्वस्तात मिळाली तर स्वतःची मोटर असलेलीच घ्या.)

चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात गणित उलटं. १८-५५ मधून खंड्या म्हणजे निळा ठिपका! तिथे लांब झूमचा कॉम्पॅक्ट बाजी मारतो, तोही ट्रायपॉडशिवाय. दुसरी लेन्स घ्यायचीच नसेल, तर माझ्या मते डीएसएलआरच्या वाटेला जाऊच नये.

आणि हो, मिरामार किनाऱ्याच्या वाऱ्यात लेन्स बदलू नका, रेती थेट आत जाते. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडलात तर काचेवर बुरशी धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.