लाकडं फोडताना जुना टायर वापरा

जळणासाठी ओंडके फोडताना खरा वेळ कुऱ्हाड चालवण्यात जात नाही. घाव बसला की तुकडे दोन्हीकडे उडतात; ते वाकून उचलण्यात आणि पुन्हा उभे करण्यात तो जातो. कंबरही त्यानेच धरते.

कारचा एक जुना टायर घ्या. ज्या रुंद ठोकळ्यावर लाकूड फोडता त्यावर तो आडवा ठेवा आणि आतून ३-४ लांब स्क्रूंनी पक्का करा. खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडाच, नाहीतर पावसाचं पाणी साचून ठोकळा कुजतो, डासही होतात. आता ओंडका टायरमध्ये उभा करायचा आणि भोवती फिरत घाव घालायचे. फुटलेले तुकडे टायरच्या आधाराने तिथेच उभे राहतात. अख्खा ओंडका फुटला की सगळं एकदम कवेत घेऊन रचायला न्यायचं. बारीक ओंडके चार-पाच एकत्र बसवा; सैल वाटले तर फटीत फोडलेल्या ढलप्या खोचा.

जाड ओंडक्याच्या मधोमध पहिला घाव नको. कडेपासून सुरू करा. वाळताना पडलेली चीर दिसत असेल तर तीच धरा, गाठ टाळा.

ओंडका टायरच्या काठाच्या वर आलाच पाहिजे. बुटका असेल तर खाली जाड फळी घाला. कुऱ्हाड रबरावर आदळली तर उसळून अंगावर येते.