टेमघरचा पाऊस, डेक्कनचं पाणी: पूर-अंदाजाच्या कामात येणाऱ्यांसाठी

सिव्हिल किंवा हवामानशास्त्र शिकणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, फ्लड फोरकास्टिंगमध्ये यायचंय, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" उत्तर एका ओळीचं आहे. पावसावरून विसर्ग काढणारं एचईसी-एचएमएस आणि नदीत पाणी किती चढेल, कुठवर पसरेल ते काढणारं एचईसी-रास, दोन्ही फुकट मिळतात. जोडीला नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि थोडं पायथन. मन लावून बसलात तर एका सेमिस्टरमध्ये हात बसेल. पण नोकरीत तुम्हाला कुणी सॉफ्टवेअर विचारत नाही. रात्री फोन येतो आणि पलीकडचा माणूस विचारतो, "पाणी कुठपर्यंत येईल, आणि किती वाजता?" हे उत्तर देण्याचं शिक्षण पुण्यात जितकं जवळून मिळतं तितकं क्वचितच कुठे मिळत असेल, म्हणून हा लेख.

सुरुवात मुठा नदीपासून करा. पुण्याच्या वर चार धरणं आहेत: टेमघर ३.७१ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि या तिघांच्या खाली खडकवासला, फक्त १.९७ टीएमसी. तीन हंड्यांखाली एक फुलपात्र ठेवावं तसला हा प्रकार. वरची तिन्ही भरली की त्यांनी सोडलेलं सगळं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून थेट शहरात. "धरणात आधीच जागा करून ठेवायला काय झालं होतं?" असं दर पावसाळ्यात कुणीतरी तावातावाने विचारतं. तेव्हा कागद घ्या. दिवसभर ११,५७४ क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी वाहिलं की १ टीएमसी होतं. म्हणजे खडकवासला अर्धं रिकामं असलं आणि ३० हजार क्युसेकने पाणी येऊ लागलं, तर ते नऊ-सव्वानऊ तासांत काठोकाठ. जागा करण्याचा निर्णय घ्यायचा तो वरच्या तीन धरणांत, तोही पाऊस पडायच्या आधी, निव्वळ अंदाजावर. आणि तो पाऊस आलाच नाही तर मे महिन्यात पुणेकर आणि दौंड-इंदापूरचे शेतकरी पाण्याचा हिशेब मागणार. गेटवरच्या अभियंत्याला शिव्या घालण्याआधी हे गणित एकदा तरी स्वतः करून पाहा.

पाऊस किती पडला यापेक्षा कुठे पडला हे महत्त्वाचं. शिवाजीनगरला ऊन पडलेलं असतं, टेमघर-दासवे पट्ट्यात मात्र दीडशे मिलिमीटर झालेला असतो, आणि डेक्कनजवळच्या ठेंगण्या भिडे पुलाची काळजी करायची ती त्या दीडशेमुळे. उलटंही घडतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात वीसहून अधिक माणसं गेली. त्याचा धरणाच्या विसर्गाशी संबंध नव्हता. कात्रज परिसरात थोड्या वेळात कोसळलेला पाऊस थेट ओढ्यात उतरला. नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यात पाण्याच्या आधी पोचायला काही तास मिळतात, दुसऱ्यात काही मिनिटं. मुलाखतीला गेलात आणि दोन्हींना एकच मॉडेल लावायला निघालात, तर समोरचा तुमचा बायोडेटा हळूच बाजूला ठेवेल.

आता कोण काय करतं त्याची साखळी. पावसाचा अंदाज हवामान खात्याचा: ६४.५ मिमीपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. आणि पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे. नद्यांच्या ठरावीक ठाण्यांवरची पातळी आणि मोठ्या धरणांत येणारी आवक यांचा अंदाज केंद्रीय जल आयोग देतो. हे काम १९५८ साली दिल्लीत यमुनेवर सुरू झालं. गेट उघडतं राज्याचं जलसंपदा खातं. माणसं हलवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं आणि महापालिकेचं, कारण २००५ च्या कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मुळा नदीवरचं मुळशी धरण टाटा पॉवरचं, म्हणजे मुळा-मुठा संगमाच्या खालचा अंदाज बांधायचा तर तिकडचाही आकडा हवा. बंडगार्डनचा विसर्ग बघायची सवय लावून घ्या. तिथे मुळा, मुठा, पवना सगळ्यांचं पाणी एकत्र दिसतं. पुढे भीमेवर दौंडचा आकडा असतो, आणि त्यावर उजनीपासून पंढरपूरपर्यंत लोक डोळे लावून बसलेले असतात.

मॉडेलमध्ये नवख्यांना सगळ्यात जास्त चकवते ती माती. २८३ चौरस किलोमीटरवर १०० मिमी पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर १ टीएमसी होतो. पण सगळा वाहून येत नाही. जूनच्या मध्यावर तापलेली जमीन बराच पाऊस पिऊन टाकते. जुलैच्या अखेरीस तीच जमीन तुडुंब असते आणि त्याच १०० मिमीचं पाणी कितीतरी पटींनी जास्त येतं. आधीच्या आठ-दहा दिवसांचा पाऊस न बघता नुसत्या आजच्या आकड्यावर अंदाज देणारा माणूस मला तरी धोकादायक वाटतो.

दुसरा चकवा पातळीचा. पुलाच्या खांबावर रंगवलेली गेजपट्टी तुम्ही पाहिली असेल. पुराच्या दिवसांत कर्मचारी छत्री आणि टॉर्च घेऊन ती दर तासाला वाचतो आणि आकडा वर कळवतो. पाणी स्थिर नसतं, लाट पट्टीवर चढते-उतरते, मधला आकडा नजरेने ठरवावा लागतो. त्या पातळीवरून विसर्ग काढायचा तक्ता असतो, रेटिंग कर्व्ह. तो नदीच्या आडव्या छेदावर, म्हणजे पात्राच्या रुंदी-खोलीवर, अवलंबून असतो, आणि पात्रात राडारोडा पडला, भराव झाला, गाळ साचला की छेद बदलतो. मग तेवढ्याच क्युसेकला पाणी पूर्वीपेक्षा वर चढतं. जुना तक्ता नव्या नदीला लावू नका. पावसाळ्यापूर्वी पात्रातून एकदा पायी चाला, विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत. गुगल मॅपवर न दिसणारं बरंच दिसतं.

पूररेषाही नीट समजून घ्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षं निवांत, असा नाही. दरवर्षी शक्यता एक टक्का. तीस वर्षांचं गृहकर्ज काढलेल्या माणसाला तेवढ्या काळात असा पूर गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. हा आकडा सांगितला की ऐकणारा जरा सरसावून बसतो. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर मात्र या हिशेबात बसवू नका. तो धरणफुटीचा होता.

आणि आता ज्या भागाकडे अभ्यासक्रमात फारसं कुणी बघत नाही तो: संदेश. साधारण असा असतो: "खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात २७ हजार क्युसेक विसर्ग सोडण्यात येत आहे. नागरिकांनी सतर्क राहावे." तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना यातून काय कळलं? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर, हे सांगूनही त्यांचं काही भागत नाही. त्यांना हवंय, "तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे पाचपर्यंत गुडघाभर पाणी येऊ शकतं. गाड्या आत्ता वर काढा, मीटरचं मेन स्विच बंद करा." २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं, शहरातही शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. त्याच दिवशी पुलाची वाडी भागात विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. माझ्या मते विजेची सूचना इशाऱ्यात पहिल्या दोन वाक्यांत असलीच पाहिजे. खडकवासला ते डेक्कन जेमतेम पंधरा किलोमीटर. गेट उघडल्यावर हाताशी दोन-तीन तास, त्यात रात्र असली तर अर्धा वेळ लोकांना उठवण्यातच जातो.

इशारा खोटा ठरण्याची भीती प्रत्येकाला असते. ४५ हजार सांगितले आणि २७ हजारच आले, तर पुढच्या वेळी लोक हलत नाहीत. म्हणून एकच आकडा देण्यापेक्षा पल्ला द्यावा, आणि पुढचं अपडेट किती वाजता येईल ते सांगून ती वेळ पाळावी. मी तरी हेच करत आलो आहे.

वाटा बऱ्याच आहेत. जल आयोगासाठी यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, जलसंपदा खात्यासाठी एमपीएससी, हवामान खात्यात वैज्ञानिक सहायक पदासाठी एसएससी, म्हणजे कर्मचारी निवड आयोग; दहावीची नव्हे. संशोधन करायचं तर पाषाणची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था, पुणे विद्यापीठातला वातावरण आणि अवकाश विज्ञान विभाग, किंवा गेट प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी रुरकीचा जलविज्ञान विभाग. खडकवासल्यालाच १९१६ पासूनची सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे आणि जल आयोगाची राष्ट्रीय जल अकादमीही. तिथल्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा.

इंटर्नशिपसाठी जुलै-ऑगस्टमध्ये कुणाला मेल टाकू नका, उघडलाही जाणार नाही. ऑक्टोबर उजाडला की प्रत्येक अंदाज प्रत्यक्ष पातळीशी ताडून बघायचं काम निघतं, आकडे साफ करायला माणसं कमी पडतात. तेव्हा एक्सेल येणाऱ्या विद्यार्थ्यालाही कुणी नाही म्हणत नाही.