पेटीच्या हंगामाआधी: विंडोज, मॅक आणि लिनक्स यांना एकच फोल्डर

आमच्या देवगडच्या आंबा पॅकिंगच्या जागेत बिले विंडोजवर होतात, लेबले मॅकबुकवर तयार होतात आणि पेनड्राइव्ह दिवसभर दोघांमध्ये येरझारा घालतो. त्याऐवजी कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर उबुंटू सर्व्हर ही लिनक्स प्रणाली चढवून त्यावर सांबा हे सॉफ्टवेअर बसवावे. विंडोज ज्या एसएमबी पद्धतीने फाइली देते-घेते, तीच सांबा लिनक्सवर बोलते आणि मॅकलाही ती समजते.

प्रथम राउटरमध्ये या संगणकासाठी एक आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, नाहीतर राउटर बंद होऊन सुरू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि सगळ्यांचे शॉर्टकट मोडतात.

खरी गडबड परवानग्यांमध्ये होते. लिनक्सचा वापरकर्ता आणि सांबाचा पासवर्ड या दोन वेगळ्या वह्या आहेत: आधी प्रत्येकासाठी लिनक्सवर खाते उघडावे आणि नंतर 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेने त्याच खात्याला सांबाचा पासवर्ड द्यावा. सर्वांना एका गटात घालून सामायिक फोल्डर त्या गटाच्या नावे करावा आणि त्याला २७७० ही परवानगी द्यावी. यातल्या सुरुवातीच्या '२' या आकड्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची होते. सांबाच्या मांडणीत 'क्रिएट मास्क', म्हणजे नव्या फाइलीच्या परवानग्या ठरवणारा आकडा, ०६६० ठेवावा, कारण मुळातला ०७४४ असल्यास एकाने केलेले बिल दुसऱ्याला उघडता येते, पण त्यात दुरुस्ती करून जतन करता येत नाही. आमच्याकडे हंगामातली एक अख्खी दुपार या एका आकड्यापायी वाया गेली. मांडणी बदलल्यावर 'टेस्टपार्म' चालवून चूक तपासावी आणि मगच सेवा पुन्हा सुरू करावी.

पासवर्डविना सर्वांना खुला फोल्डर ठेवण्याचा मोह टाळावा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत असे पासवर्डविना पाहुणे खाते मूळ मांडणीत चालतही नाही. एसएमबीची पहिली आवृत्ती कोणत्याही कारणाने सुरू करू नये, कारण मे २०१७ मधील वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला तिच्यातल्याच त्रुटीवरून पसरला होता. राउटरवर ४४५ हे पोर्ट, म्हणजे एसएमबीचे ये-जा करण्याचे दार, बाहेरच्या इंटरनेटसाठी कधीही उघडू नये.

मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून पत्ता द्यावा. विंडोजमध्ये पत्त्याआधी दोन उलट्या तिरक्या रेघा द्याव्यात. विंडोज एका सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या वापरकर्त्यांच्या नावांनी जोडू देत नाही, त्यामुळे तशी तक्रार आल्यास आधीची जोडणी तोडावी. फाइलींच्या नावांत विसर्गासारखे दिसणारे कोलनचे चिन्ह टाळावे: लिनक्सवर '१०:३० गाडी' हे नाव चालते, पण विंडोजवर तेच विचित्र आणि आखूड होऊन दिसते. मराठी नावे मात्र निर्धास्त द्यावीत.

राहिली वीज. मृगाच्या पहिल्या सरीआधीच कोकणात ती लपंडाव खेळू लागते, म्हणून यूएसबीने सर्व्हरला जोडता येणारा यूपीएस घ्यावा आणि 'नट' ही प्रणाली बसवावी, म्हणजे बॅटरी संपण्याआधी संगणक स्वतःहून नीट बंद होतो. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर तारखेनिहाय वेगळी प्रत घ्यावी. डिस्क फोल्डरशी नुसती जुळवून घेतल्यास चुकून खोडलेली फाइल तिथूनही खोडली जाऊ शकते. फेब्रुवारीत, काम हलके असताना, एक बिल मुद्दाम खोडून ते डिस्कवरून परत आणून पाहावे आणि त्याच दिवशी यूपीएसची भिंतीतली पिनही एकदा काढून पाहावी.