गुंतागुंतीचा जन्मजात हृदयदोष : बाळाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय सीमाभागातील पालकांनी कसा घ्यावा

बाळाच्या हृदयात गुंतागुंतीचा दोष आहे हे कळताच घरात पहिला विषय निघतो तो ‘कुठे न्यायचे’ हा. कोणी कोल्हापूर सुचवतो, कोणी बंगळूरु, कोणाचा चुलतभाऊ मुंबईत वॉर्डबॉय असतो. या चर्चेआधी डॉक्टरांकडून एक उत्तर मिळवावे लागते : हा दोष आपल्याला किती वेळ देतो? काही तास, काही आठवडे, की काही महिने? रुग्णालय, पैसा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत, या सगळ्या गोष्टी त्या मुदतीत बसवायच्या असतात, आणि मुदत ठाऊक नसेल तर शहाणपणाने केलेली धावपळही चुकीच्या दिशेने जाऊ शकते.

जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्यातली बरीच भोके लहान असतात आणि काही आपोआप बुजतात. त्यामुळे ‘आमच्या शेजारच्या पोराचे भोक वयाबरोबर बुजले, तुम्हीही थांबा’ हा सल्ला खानापूर-निपाणीपासून चिक्कोडीपर्यंत सर्रास मिळतो. हा सल्ला लहान भोकाच्या बाबतीत खरा ठरू शकतो. रक्तवाहिन्या उलट्या जोडल्या गेल्या असतील, खालच्या दोन कप्प्यांपैकी एक वाढलेलाच नसेल, किंवा फुफ्फुसाकडे जाणारी वाट बंद असेल, तर तोच सल्ला घातक ठरतो.

मुदत कशी ओळखावी

सर्वांत कमी वेळ देणारा दोष म्हणजे फुफ्फुसातून परतणाऱ्या रक्तवाहिन्या भलतीकडे जोडलेल्या असणे व त्यातच अडथळा असणे. याला डॉक्टर ‘ऑब्स्ट्रक्टेड टीएपीव्हीसी’ म्हणतात. येथे औषधाने दिवस काढता येत नाहीत, शस्त्रक्रिया तातडीनेच करावी लागते. महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असेल, म्हणजे टीजीए असेल आणि कप्प्यांमधला पडदा शाबूत असेल, तर ‘आर्टिरियल स्विच’ ही शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी. त्यानंतर डावा कप्पा कमी दाबावर काम करण्याला सरावतो व शरीराला रक्त पुरवण्याची त्याची ताकद घटत जाते. मग आधी त्या कप्प्याला ‘तयार’ करण्याची वेगळी शस्त्रक्रिया किंवा ‘सेनिंग’सारखा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतच रक्ताची वाट फिरवणारा) दुय्यम पर्याय स्वीकारावा लागतो. १९७५ साली ब्राझीलमध्ये डॉ. आदिब जतेने यांनी स्विच शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवल्यापासून हा दोष असलेली मुले जवळजवळ सामान्य आयुष्य जगू लागली आहेत. अशा बाळाचे पंधरा दिवस ‘बारसे झाल्यावर बघू’ म्हणण्यात गेले, तर ते नुकसान पुढे पूर्ण भरून निघत नाही.

काही बाळांचे रक्ताभिसरण जन्मानंतर बंद होऊ पाहणाऱ्या एका लहान नलिकेवर अवलंबून असते. ती उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून सतत द्यावे लागते. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून असे बाळ बेळगावहून हलवायचे असेल तर व्हेंटिलेटर आणि नवजात बाळे हाताळणारा प्रशिक्षित माणूस असलेलीच रुग्णवाहिका घ्यावी. बंगळूरु सुमारे पाचशे किलोमीटर आहे, मुंबईही जवळजवळ तितकीच. साध्या गाडीने मांडीवर घेऊन जाण्याचे हे अंतर नाही. निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात खाट आणि शस्त्रक्रियेची तयारी आहे याची खात्री एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला फोन करून घ्यावी, ही विनंती पालकांनी आग्रहाने करावी.

मोठे भोक, एव्ही कॅनाल (हृदयाच्या मध्यभागी मोठे भोक व सामाईक झडप) किंवा ट्रंकस (हृदयातून दोनऐवजी एकच मोठी धमनी निघणे) या दोषांत फुफ्फुसात जादा रक्त जाते. बाळ दूध ओढताना घामाघूम होते, धापा टाकते, वजन धरत नाही. येथे आठवडे-महिने मिळतात, वर्षे मिळत नाहीत : ट्रंकसची दुरुस्ती पहिल्या काही आठवड्यांत, मोठे भोक व एव्ही कॅनाल यांची साधारण तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास करतात. उशीर झाला की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि एका टप्प्यानंतर भोक बुजवणेच धोक्याचे ठरते. सीमाभागातल्या शाळांच्या तपासणीत आठ-दहा वर्षांची अशी मुले सापडतात तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असू शकते, आणि तिथे ‘करू नका’ असे सांगणारा डॉक्टर खरे सांगत असतो.

फॅलॉटच्या टेट्रालॉजीत, म्हणजे मोठ्या भोकाबरोबर फुफ्फुसाकडची वाट अरुंद असून बाळ निळसर पडते तेव्हा, पूर्ण दुरुस्ती बहुधा तीन महिने ते एक वर्ष या वयात करतात. मात्र बाळाला ‘स्पेल’ येत असतील, म्हणजे रडता रडता ते एकाएकी गर्द निळे पडून मलूल होत असेल, तर थांबायचे नसते. अशा वेळी बाळाचे गुडघे पोटाशी दुमडून छातीशी धरावे, त्याला शांत करावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.

निदान पुरते झाले आहे का

शस्त्रक्रियेची निवड इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर ठरते, म्हणून इको बालहृदयरोगतज्ज्ञाने केलेला असावा. मोठ्या माणसांचे हृदय पाहणाऱ्या डॉक्टरांनी ‘कॉम्प्लेक्स हार्ट’ एवढेच लिहून दिले असेल, तर तो कागद पुढे पाठवण्यापुरता उपयोगी आहे, निर्णयापुरता नाही. रिपोर्टमध्ये खालचे दोन्ही कप्पे व त्यांच्या झडपा पुरेशा वाढल्या आहेत का, भोक कोठे आहे, दोन्ही फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांची जाडी किती, हृदयाच्या स्वतःच्या धमन्या कशा निघतात आणि फुफ्फुसातला दाब किती, हे आकड्यांसह लिहिलेले असावे. रक्तवाहिन्यांचा नकाशा नीट दिसत नसेल तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन) लागतो, दाबाबद्दल शंका असेल तर कॅथ तपासणी, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन केलेली तपासणी. बाळाचा चेहरा वेगळा वाटत असेल, टाळू फाटलेली असेल, रक्तातले कॅल्शियम कमी असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल विचारावे. बावीसाव्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा नसलेल्या बाळांना शस्त्रक्रियेत विशेष प्रक्रिया केलेले रक्त द्यावे लागते, आणि हे आधी ठाऊक असणे बरे. इकोची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्यावा. तो असला की दुसरे मत घेण्यासाठी दरवेळी बाळाला हलवावे लागत नाही.

पर्याय कसे समजून घ्यावेत

तज्ज्ञापुढे बसल्यावर सगळ्यांत मोठा प्रश्न असा विचारावा : या हृदयात दोन पंप तयार करता येतील, की एकाच पंपावर आयुष्य काढावे लागेल? दोन पंपांची दुरुस्ती शक्य असेल तर ती बहुतेक वेळा जास्त चांगली. पण ओढूनताणून केलेली दोन पंपांची दुरुस्ती, ज्यात एक कप्पा मुळात लहान आहे, ती नीट आखलेल्या एका पंपाच्या मार्गापेक्षा वाईट ठरू शकते. दोन केंद्रांची मते वेगळी पडण्याची शक्यता येथेच सर्वाधिक असते, आणि मुदत परवानगी देत असेल तर दुसरे मत येथे घ्यावेच. साध्या पडद्याच्या भोकासाठी चार शहरे फिरण्याची तितकी गरज नसते.

एका पंपाचा मार्ग टप्प्याटप्प्याने जातो. पहिल्या दिवसांत फुफ्फुसाला रक्त कमी पडत असेल तर बीटी शंट (शरीराच्या धमनीतून फुफ्फुसधमनीत रक्त नेणारी लहान कृत्रिम नळी) बसवतात किंवा जन्मतः असलेल्या त्या नलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) घालतात, रक्त जास्त होत असेल तर फुफ्फुसधमनीला पट्टी बांधतात. चार-सहा महिन्यांनंतर ग्लेन (शरीराच्या वरच्या भागातले रक्त थेट फुफ्फुसधमनीत जोडणे), आणि साधारण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान फॉन्टान. फॉन्टाननंतर शरीरातून आलेले अशुद्ध रक्त हृदयाच्या धक्क्याविना थेट फुफ्फुसात शिरते, मोटार न लावता उताराच्या जोरावर पाट वाहावा तसे. म्हणून फुफ्फुसातला दाब कमी असणे ही या मार्गाची पहिली अट आहे, आणि फुफ्फुसे बिघडू देऊन मग फॉन्टान मागता येत नाही. हा मार्ग निवडताना पालकांनी तिन्ही टप्पे, त्यांमधली वर्षे, आणि त्यानंतर यकृत, हृदयाची लय व पोटातून प्रथिने गळणे यांसाठी आयुष्यभर तपासण्या, हे सगळे एकत्र समजून घेऊन होकार द्यावा. पहिल्या टप्प्याचा खर्च ऐकून आनंदी होणे आणि तिसऱ्याच्या वेळी जमीन विकायला काढणे, हे टाळता येण्यासारखे आहे.

दोन पंपांच्या दुरुस्तीतही ‘एकदा केले की संपले’ असे नसते. टेट्रालॉजीच्या मुलांना पुढे किशोरवयात किंवा तरुणपणी फुफ्फुसाच्या मार्गावर झडप लागू शकते. कृत्रिम नळी बसवली असेल तर मूल वाढते, नळी वाढत नाही, म्हणून ती बदलावी लागते. शस्त्रक्रिया केल्यास व न केल्यास पुढच्या पाच व पंधरा वर्षांत काय अपेक्षित आहे, असे सरळ विचारावे. काही थोड्या बाळांच्या बाबतीत, जिथे अनेक अवयव बिघडलेले आहेत, शस्त्रक्रिया न करता त्रास कमी ठेवणे हाही डॉक्टरांनी मांडलेला प्रामाणिक पर्याय असू शकतो. तो ऐकून घेणाऱ्या पालकांना नातेवाइकांनी निर्दयी ठरवू नये.

रुग्णालय ठरवताना

नाव मोठे असण्यापेक्षा आपल्या बाळाला हवी असलेली नेमकी शस्त्रक्रिया तिथे वर्षात किती वेळा होते, हे महत्त्वाचे. विचारायला संकोच वाटतो, पण चांगले शल्यचिकित्सक या प्रश्नाने रागावत नाहीत. त्याच वयाच्या व वजनाच्या किती बाळांवर ती झाली, किती वाचली, धोक्याच्या कोणत्या श्रेणीत ती मोडते, लहान बाळांसाठी स्वतंत्र आयसीयू आहे का आणि रात्री तिथे बालहृदयरोगाचा अनुभव असलेला डॉक्टर हजर असतो का, एवढे तरी विचारावे. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र आयसीयूच्या हाती असते.

आपल्या भागातून पहिला संपर्क बहुधा बेळगावचे बिम्स जिल्हा रुग्णालय किंवा केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय यांच्याशी येतो. पुढे बंगळूरुत सरकारी जयदेव संस्था, नारायण हृदयालय आणि व्हाइटफील्डचे विनामूल्य सत्य साई रुग्णालय, तर मुंबईकडे परळचे वाडिया व केईएम आणि जन्मजात हृदयदोषांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे खारघरचे सत्य साई संजीवनी केंद्र अशी केंद्रे आहेत. विनामूल्य केंद्रांत प्रतीक्षायादी असते. ज्या बाळाच्या दोषाला मुदत कमी आहे, त्याच्या पालकांनी त्या यादीत उभे राहू नये. भाषेची सोय म्हणून अनेक मराठी कुटुंबे मुंबईकडे वळतात. औषधांच्या सूचना आईला नीट समजणे खरोखरच महत्त्वाचे आहे, पण त्या विशिष्ट शस्त्रक्रियेचा अनुभव बंगळूरुला जास्त असेल तर मी भाषेला दुय्यम मानीन आणि कन्नड जाणणारा एखादा नातेवाईक सोबत नेईन.

कागद आणि पैसा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे व त्यात जन्मजात हृदयदोष येतात. आशाताई, अंगणवाडी किंवा तालुका रुग्णालयातून त्या पथकाकडे नाव नोंदवावे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत. तातडीचा प्रसंग सोडला तर मोठ्या रुग्णालयात जाण्याआधी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते. ते न घेता थेट बंगळूरु गाठलेली कुटुंबे कागदासाठी परत येतात आणि मोलाचे दिवस त्यात जातात.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली, आणि हा वाद बाळाच्या खाटेपाशी आणण्यात अर्थ नाही. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली आहे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आपले गाव, रेशन कार्ड व आधार दाखवून कोणती योजना तिथे प्रत्यक्ष चालते ते लेखी घ्यावे, मगच तारीख धरावी. आपल्याकडे कन्नड रेशन कार्डावरचे नाव, आधारवरचे इंग्रजी नाव आणि मराठी शाळेच्या दाखल्यावरचे नाव यांचा मेळ बसत नाही ही नित्याची अडचण आहे. जन्मदाखला लगेच काढावा आणि कार्डावर अजून नाव न चढलेल्या बाळाला कसे दाखल करतात, तेही विचारावे. पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीतूनही हृदयशस्त्रक्रियेसाठी साहाय्य मिळू शकते. त्या अर्जाला रुग्णालयाचे खर्चपत्रक जोडावे लागते.

तारखेपर्यंत आणि तारखेनंतर

मधल्या काळात वजन वाढवणे हेच पालकांचे मुख्य काम. धाप लागणाऱ्या बाळाला थोडे थोडे, वारंवार पाजावे. दूध घट्ट किंवा जास्त उष्मांकाचे करायचे तर डॉक्टरांना विचारून. लसी चुकवू नयेत. निळ्या बाळाचे हिमोग्लोबिन १२ दिसले की घरचे समाधान मानतात, पण ऑक्सिजन कमी असलेल्या या बाळांना ते जास्त लागते, तेवढ्या आकड्यातही लोहाची कमतरता लपलेली असू शकते. दात आलेल्या मुलाची किडलेली दाढ शस्त्रक्रियेआधी दुरुस्त करावी, कारण तिथला जंतुसंसर्ग हृदयापर्यंत पोहोचू शकतो.

बीटी शंट बसवून घरी आलेल्या बाळाला जुलाब-उलट्या झाल्या, तर तो घरगुती दुखण्याचा प्रसंग समजू नये. शरीरातले पाणी घटले की शंटमध्ये गुठळी होऊन वाट बंद होऊ शकते. लगेच जवळच्या रुग्णालयात सलाइन मिळायला हवे, आणि ॲस्पिरिनचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. कणकुंबी-जांबोटीकडच्या वस्त्यांतील पालकांनी पावसाळ्याचे महिने शक्य असल्यास खानापूर किंवा बेळगावातल्या नातलगांकडे काढावेत, कारण तिकडची वाट पाण्याने केव्हा बंद होईल याचा नेम नसतो.

पुढच्या गरोदरपणी, अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान, पोटातल्या बाळाच्या हृदयाचा फीटल इको करून घ्यावा. एका मुलात दोष असेल तर पुढच्यात तो असण्याची शक्यता सामान्यांपेक्षा वाढते, आणि मामा-भाची किंवा आते-मामेभावंडांच्या लग्नात आणखी. दोष आधी दिसला, तर बाळंतपण खानापूरऐवजी हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या शहरातच ठरवता येते.