काटा सगळ्यांना तोच हवा: स्टॉक कार रेसिंगच्या टेकमध्ये काम शिकायला येणाऱ्यांसाठी

मी मूळचा कोल्हापूरकडचा, मेकॅनिकल करून पुढे शिकायला नॉर्थ कॅरोलायनात आलो आणि आता चौथा सीझन चाललाय की दर शनिवारी शार्लटपासून थोड्या अंतरावरच्या एका छोट्या ओव्हल ट्रॅकवर टेक इन्स्पेक्शनला उभा असतो. टेक म्हणजे रेसच्या आधी आणि नंतर गाडी नियमात बसते का ते तपासणं. नवीन मुलं मेसेज करतात तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न नोकरीचा असतो आणि दुसरा हा, की नास्कारमध्ये, म्हणजे बाहेरून रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कारच्या रेस घेणाऱ्या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या संस्थेत, पेनल्टी माणूस बघून देतात का हो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तरच पहिल्याला अर्थ आहे असं मला मनापासून वाटतं म्हणून आधी तेच लिहितो.

आमच्याकडे ऊस आहे. कारखान्यावर ऊस घालायला ट्रॉली निघाली की आप्पा आधी बाहेरच्या खाजगी काट्यावर वजन करून घ्यायचे, पावती खिशात, आणि मगच कारखान्याच्या काट्यावर. काटा मारणे हा शब्द आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतो. आप्पांचं म्हणणं असायचं की बाबा रे, दर कमी दिला तर भांडता येतं, आंदोलन करता येतं, पण काटाच खोटा असेल तर माणूस कुणाशी भांडणार. हे वाक्य मला इथे येऊन खरं कळलं, कारण रेसिंगमधली पेनल्टी म्हणजे दर आणि टेक म्हणजे काटा.

थोडा इतिहास माहीत असू दे. नास्कारच्या आजच्या कप सिरीजची, म्हणजे त्यांच्या सगळ्यात वरच्या मालिकेची, अगदी पहिली रेस १९ जून १९४९ला शार्लटलाच झाली आणि त्या पहिल्याच रेसचा विजेता ग्लेन डनअवे टेकमध्ये बाद झाला, मागच्या स्प्रिंग नियमात नव्हत्या म्हणून, आणि जिम रोपरला विजेता ठरवलं. गाडीमालक कोर्टात गेला, कोर्टाने केस फेटाळली. म्हणजे सुरुवात एकदम कडक. पण मग पुढे काय झालं बघा, १९८३च्या ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात रिचर्ड पेटी जिंकला, रेसनंतर इंजिन मोजलं तर ३५८ क्युबिक इंचाच्या मर्यादेऐवजी ३८२च्या आसपास निघालं, टायरही चुकीच्या बाजूचे लावलेले, आणि त्याला ३५,००० डॉलर दंड झाला, १०४ पॉइंट कापले, पण विजय त्याच्याच नावावर राहिला. प्रेक्षकांनी ज्याला जिंकताना पाहिलं तोच घरी जाताना विजेता असावा, अशी तिथली कित्येक वर्षांची समजूत होती. २०१९ला नास्कारने धोरण बदललं की रेसनंतरच्या तपासणीत नापास झाला तर विजय जाणार. आणि जुलै २०२२मध्ये पोकोनोच्या ट्रॅकवर पहिला आलेला डेनी हॅमलिन आणि दुसरा आलेला काइल बुश, दोघेही एकाच टीमचे, दोघेही बाद! कारण काय तर गाडीच्या पुढच्या भागावर रॅपच्या (गाडीवर चिकटवलेल्या रंगीत आवरणाच्या) खाली विनाइल टेपचे थर. तिसरा आलेला चेस एलियट एकही लॅप आघाडीवर न राहता विजेता झाला. कप सिरीजमध्ये विजेता असा बाद होणं १९६० नंतर पहिल्यांदाच घडलं होतं.

लोक म्हणतात बघा, पेटीला सोडलं आणि हॅमलिनला धरलं. मला ते पटत नाही. मध्ये नियम बदलला होता, तो आधी जाहीर केला होता आणि सगळ्यांना लागू होता. मी तुलना करताना आधी एकच बघतो की दोन्ही केस एकाच नियमाखालच्या आहेत का. त्या एकाच नियमाखालच्या असतील आणि तरी निकाल वेगळे आले असतील तर मात्र राग यायलाच पाहिजे.

तसा राग मला २०२३च्या फिनिक्सच्या केसमध्ये आला. हुडवर हवा बाहेर टाकायला झडपांसारखे लूव्हर्स असतात, नेक्स्ट जेन म्हणजे २०२२पासूनच्या नव्या गाडीत बरेचसे पार्ट एकाच ठरलेल्या सप्लायरकडून घ्यावे लागतात आणि त्यात बदल करायचा नाही. हेंड्रिक टीमच्या चारही गाड्यांचे आणि कॉलिग टीमच्या जस्टिन हेलीच्या गाडीचे लूव्हर्स नास्कारने जप्त केले. शिक्षा सगळ्यांना सारखी, प्रत्येक गाडीमागे १०० पॉइंट, सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांसाठीचे १० प्लेऑफ पॉइंट, क्रू चीफला म्हणजे गाडीच्या टीमच्या प्रमुखाला एक लाख डॉलर दंड आणि चार रेस बंदी. इथपर्यंत काटा बरोबर. मग दोन्ही टीम अपीलमध्ये गेल्या. हेंड्रिकच्या पॅनलने सगळेच्या सगळे पॉइंट परत दिले, दंड आणि बंदी ठेवली. थोड्या दिवसांनी वेगळ्या माणसांच्या पॅनलने कॉलिगला फक्त २५ पॉइंट परत दिले, ७५ गेले ते गेलेच. एकाच वीकेंडला, एकाच ट्रॅकवर, त्याच पार्टवर! एक मोठी श्रीमंत टीम आणि एक लहान टीम. पॅनलवाल्यांच्या मनात टीमचा आकार होता असं मी म्हणणार नाही, तसा काही पुरावा नाही, पण त्या वेळी पॅनलने सविस्तर कारण लिहून दिलं नाही आणि कारण नसलं की लोक आपापलं कारण भरतात, आमच्याकडे काट्याची पावती मिळाली नाही की गावात जे बोललं जातं तसंच. हेंड्रिकच्या निकालानंतर नास्कारने लगेच नियम बदलला की गुन्हा झाला असं पॅनलला वाटत असेल तर शिक्षेचा एखादा भाग पूर्ण शून्य करता येणार नाही, ठरलेल्या किमान-कमालच्या मधेच राहायचं. मला तो बदल बरोबर वाटतो.

एक मूळ अडचणही समजून घ्या. नास्कार ही खाजगी कंपनी आहे, १९४८पासून फ्रान्स कुटुंबाची. नियम तेच करतात, तपासणी तेच करतात, शिक्षा तेच देतात, अपील ऐकणारे बाहेरचे असले तरी पॅनल त्यांच्याच व्यवस्थेतलं. शिवाय रूलबुकात खेळाला हानिकारक कृत्य असं एक मोघम कलम आहे ज्याखाली बरंच काही बसतं. २०१३मध्ये रिचमंडला क्लिंट बोयरची गाडी शेवटच्या लॅप्समध्ये संशयास्पद फिरली, त्याच टीमच्या मार्टिन ट्रूएक्सला प्लेऑफमध्ये घुसवायला असा संशय होता, तेव्हा मायकेल वॉलट्रिप रेसिंगला ३ लाख डॉलर दंड झाला आणि ५० पॉइंट कापल्याने मार्टिन ट्रूएक्स प्लेऑफमधून बाहेर गेला. असं कलम लागतंच, कारण प्रत्येक लबाडी आधी लिहून ठेवता येत नाही, पण ते जितक्या कमी वेळा वापरावं लागेल तितकं बरं.

सगळ्यात अवघड केस ड्रायव्हिंगच्या. पुढच्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला मुद्दाम धक्का दिला की ती सरळ भिंतीकडे वळते, हे जिवावर बेतू शकतं. ऑक्टोबर २०२२ला लास वेगासमध्ये बबा वॉलेसने काइल लार्सनला असं उडवलं, एक रेस बंदी. मे २०२३ला शार्लटमध्ये चेस एलियटने हॅमलिनला उडवलं, एक रेस बंदी, आणि एलियट तर लोकांचा सगळ्यात लाडका ड्रायव्हर, तरी सोडला नाही, तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. पण २०२५ला ऑस्टिनच्या रोड कोर्सवर, म्हणजे डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या ट्रॅकवर, ऑस्टिन सिंड्रिकने टाय डिलनला तसंच केलं तर ५० पॉइंट आणि ५०,००० डॉलर, बंदी नाही. नास्कारचं म्हणणं असं की वेग कमी होता, रोड कोर्स होता, पिवळा झेंडाही (धोका म्हणून गाड्या सावकाश करायचा) लागला नाही. आता हे कारण खरं आहे, भिंतीजवळचा हायस्पीड ओव्हल आणि हे एकच नाही. फक्त हा फरक निकालाच्या दिवशी सांगितला गेला, आधी लिहिलेला नव्हता, म्हणून त्या आठवड्यात आमच्या ट्रॅकवरच्या पिट्समध्येही सगळे त्यावरच बोलत होते.

याच्या उलट उदाहरण रॉस चॅस्टेनचं. ऑक्टोबर २०२२ला मार्टिन्सव्हिलला शेवटच्या लॅपला त्याने गाडी भिंतीला टेकवून पूर्ण दाबली आणि दहाव्यावरून पाचव्या नंबरवर येऊन सीझनची फायनल गाठली. पेनल्टी नाही, कारण त्या दिवशी ते नियमाविरुद्ध धरलेलं नव्हतं. २०२३च्या सीझनआधी नास्कारने सांगून टाकलं की यापुढे असं केलं तर सुरक्षेच्या नियमाखाली शिक्षा होईल. आणि २०२४ला त्याच ट्रॅकवर क्रिस्टोफर बेल शेवटी भिंतीला घासत आला तेव्हा ती लागू केली आणि त्याची फायनलची जागा गेली. बेलच्या चाहत्यांना वाईट वाटलं असेल, पण मला विचाराल तर काम असं व्हायला पाहिजे.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो, कारण नवीन माणसाने सगळ्यात जास्त हेच वाचावं असं मला वाटतं. पहिल्याच सीझनची गोष्ट. आमच्याकडे लेट मॉडेल गाड्या (छोट्या ट्रॅकवरच्या स्टॉक कारचा एक वर्ग) चार काट्यांवर चढवतात, प्रत्येक चाकाखाली एक. ओव्हलवर कायम डावीकडेच वळायचं असल्यामुळे डाव्या बाजूला जितकं वजन जास्त तितका फायदा, म्हणून त्याला टक्केवारीची मर्यादा असते, आमची ५८.० होती. सुमारे सतरा वर्षांच्या एका पोराची गाडी आली, तिसरीच रेस असेल त्याची, आकडा ५८.३. मी पाठवली परत, वजन हलवून या. ते करेपर्यंत त्याचं क्वालिफायिंग हुकलं आणि तो सगळ्यात मागून सुटला. अर्ध्या तासाने तिथला वीस वर्षांचा जुना ड्रायव्हर आला, हसून हात मिळवला, आकडा ५८.२. मी मनात म्हटलं काटा गरम झाला असेल, उन्हात थोडा सरकतोच, आणि जाऊ दिली. पोराचे वडील तिथेच कुंपणाला टेकून उभे होते. रेस संपल्यावर ते आले, आवाज अजिबात चढवला नाही, एवढंच विचारलं की काटा माझ्या मुलाच्या वेळी सरकला नव्हता का.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येताना पूर्ण रस्ताभर आप्पांची खिशातली पावती आठवत होती. मी पैसे खाल्ले नव्हते, कुणाची ओळख पाळली नव्हती, मला वाटत होतं मी डोकं वापरलं. पण मी एकाला काटा दाखवला आणि दुसऱ्याला माझा अंदाज. पुढच्या आठवड्यात मी चीफला स्वतःहून सांगितलं आणि त्या वडिलांना जाऊन भेटलो, माझी चूक झाली म्हणालो.

त्यानंतर आमच्या टेकमध्ये जे ठरलं ते सविस्तर सांगतो कारण हे कॉलेजात शिकवत नाहीत. काटे जिथे ठेवायचे त्या चार जागांवर जमिनीवर रंगाने खुणा केल्या, लेव्हल लावून जाडीच्या पट्ट्या टाकल्या, कारण जमीन एका कोपऱ्याला नखभर जरी खाली असली तरी आकडा बदलतो. पहिली गाडी यायच्या आधी काटे झीरो करायचे आणि माहीत असलेल्या वजनाने तपासायचे, मध्ये एकदा परत. स्टिअरिंग सरळ, ड्रायव्हर आत बसलेला, गाडीला कुणाचाही हात टेकलेला नाही, आणि आकडा स्थिर झाल्यावर मोठ्याने वाचून टीमसमोर वहीत लिहायचा. काटा सरकतो हे खरंच आहे, मग जी काय सूट द्यायची ती आधीच ठरवून फलकावर लिहिली, ०.२, सगळ्यांना. ५८.२ पास, ५८.३ नापास, मग तो कुणीही असो. म्हणजे गंमत बघा, त्या संध्याकाळचे माझे दोन्ही निकाल या नव्या नियमाने बरोबरच ठरले असते, पण त्या दिवशी हा नियम कुठे लिहिलेला नव्हता म्हणून ते चूक होते.

मोठ्या लीगमध्येही जिथे मशीन आलं तिथे भांडण बरंच कमी झालंय. पिट रोडचा, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी गाड्या आत येतात त्या रस्त्याचा, वेग हे चांगलं उदाहरण, रस्त्यावर टायमिंगच्या रेषा असतात, दोन रेषांमधला सरासरी वेग निघतो, मर्यादेवर थोडी ठरलेली सूट, त्यावर गेलात की पेनल्टी, नाव बघायला वेळच नाही. गाडीची बॉडी २०१८पासून कॅमेरे आणि प्रोजेक्टरवाल्या ऑप्टिकल स्कॅनिंग स्टेशनमध्ये मोजतात. पण कुठला भाग उघडून बघायचा, मुद्दाम मारलं की चुकून लागलं, हे अजून माणूसच ठरवतो आणि ठरवत राहील, म्हणून ऑफिशियल्सची गरज संपणार नाही.

यायचं असेल तर काय करायचं. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या बाहा टीममध्ये (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवायची स्पर्धा) घुसा, पिथमपूरला टेक इन्स्पेक्शनच्या लाइनीत तासन्तास उभं राहून आणि ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झाली नाहीत म्हणून परत फिरून जे कळतं ते पुढे रोज कामाला येतं, समोरच्या टीमला काय वाटतं ते आठवतं. इथे आलात तर शार्लट आणि मूर्सव्हिलच्या परिसरात बहुतेक मोठ्या टीम्स आहेत, नास्कारचं आर अँड डी सेंटर कॉन्कर्डला आहे, पण सुरुवात छोट्या ट्रॅकवर किंवा एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या) रेसमध्ये करा, त्यांना माणसं कायम हवी असतात. स्टुडंट व्हिसावर असाल तर पैसे घेऊन असो की फुकट, काम करायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, लेखी उत्तर घ्या, यात अंदाज चालत नाही.

आणि एक वही घाला. रेसनंतर मंगळवार-बुधवारच्या सुमारास पेनल्टी जाहीर होतात, प्रत्येकीचं लिहा की कुठला नियम, शिक्षेची रेंज काय होती, दिली किती, अपीलमध्ये काय झालं. ड्रायव्हरचं नाव शेवटच्या रकान्यात लिहा आणि आपलं मत नाव लिहायच्या आधी ठरवा. मी तीन वर्षं हे करतोय, दोनदा मत ठरवल्यावर नाव बघून हात थांबलाय, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर माझ्या आवडीचा होता.

आमच्या ट्रॅकवर टेक साडेतीनला उघडतं. बघायला यायचं असेल तर तीनला या, काटे झीरो करताना कुणीही उभं राहून बघू शकतं, ते वडील अजून दर शनिवारी येतात.