युद्धकाळातल्या बेटांवरच्या कथांचं नाटक बांधताना

कथासंग्रहावरून नाटक करायचं म्हटलं की सगळ्याच कथा घ्याव्याशा वाटतात, आणि नाटक तिथेच फसतं. पॅसिफिकमधल्या युद्धावरचा जेम्स मिशनरचा कथासंग्रह १९४७ साली आला. त्यावरून हॅमरस्टाइन आणि लोगन यांनी लिहिलेलं, रॉजर्सच्या संगीताचं ‘साउथ पॅसिफिक’ ७ एप्रिल १९४९ रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलं. त्याची बांधणी उलगडून पाहिली की काम कसं करायचं ते कळतं.

आधी प्रत्येक कथेचं एक कार्ड करा. कोणाला काय हवंय, आड काय येतंय, शेवटी काय बदलतं, एवढंच लिहा. तिसरी ओळ कोरी राहिली तर त्या कथेतून एखादं पात्र किंवा वस्तू उचला, कथानक सोडून द्या.

मग दोनच कथा निवडा. लोगन-हॅमरस्टाइननी आधी अमेरिकन लेफ्टनंट केबल आणि टोंकिनी मुलगी लियात यांची प्रेमकथा मध्यभागी धरली होती. ती ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेराच्या (अमेरिकन नौदल अधिकारी आणि जपानी मुलीच्या कथेच्या) फार जवळ जाऊ लागली, तेव्हा अमेरिकन नर्स नेली आणि फ्रेंच मळेवाला एमिल यांची जोडी पुढे आली. दोन्ही जोड्यांच्या आड वंशाचा पूर्वग्रहच येतो, म्हणून त्या एकमेकींना तोलून धरतात. नुसत्या शेजारी ठेवल्या असत्या तर मात्र दोन एकांकिका झाल्या असत्या. त्यांना सांधा हवा होता. जपानी जहाजांवर लपून नजर ठेवण्याच्या मोहिमेवर केबल आणि एमिल एकत्र जातात, तो हा सांधा. त्यामुळे बेटावरचं निव्वळ वाट पाहणं दुसऱ्या अंकात जीव टांगणीला लावतं.

कथांमधला निवेदक काढून टाका. तो राहिला की पात्रं करण्याऐवजी सांगत बसतात. संख्याही कमी करा: कथेत एमिलला आठ मुली आहेत, नाटकात पॉलिनेशियन बायकोपासूनची दोनच मुलं, आणि तेवढ्यावर नेलीचा पेच पुरेसा उभा राहतो.

लढाई दाखवू नका. इथे एमिलचा आवाज रेडिओवरून येतो आणि केबलच्या मृत्यूची बातमीही त्याच आवाजात कळते. हा प्रवेश बसवताना आवाज रेकॉर्ड करू नका. नटाला विंगेत माइकवर उभं करा, म्हणजे रंगमंचावरचे चेहरे पाहून तो थांबू शकेल. आवाजातला खर्ज कमी करा. मागची खरखर हलकी, पण सलग ठेवा. ती एकदम तुटली की प्रेक्षागृह श्वास रोखतं.

वेशभूषेत नेहमी होणारी चूक लियातची आई ब्लडी मेरी हिची. ती बेटावरची मूळ रहिवासी नाही, टोंकिनची म्हणजे उत्तर व्हिएतनामची आहे. फ्रेंच मळ्यांवर तिथले मजूर करारावर आणले जात. गवताचे घागरे ती सैनिकांना विकते, स्वतः नेसत नाही.

प्रवेश बरेच होतात, त्यामुळे दर वेळी अंधार केलात तर लय मोडते. मूळ प्रयोगात जो मिल्झिनरच्या नेपथ्यात पारदर्शक पडदे होते. एक प्रवेश विरत असतानाच दुसरा उजळायचा. जाळीच्या एका पडद्यावर हे जमतं. प्रकाश समोरून टाकला की जाळी भिंतीसारखी दिसते, मागून टाकला की नाहीशी होते. मात्र समोरचा दिवा थोडा जरी उशिरा विझला तरी मागचं दृश्य धुरकट दिसतं, म्हणून हे बदल प्रकाशयोजनाकाराला घेऊन, नटांशिवाय, वेगळ्या तालमीत पक्के करा.