कुंडीतल्या झाडांना खत घालताना या चुका टाळा

मे संपत आला की सोसायटीच्या गेटवर शेणखताचा टेम्पो उभा राहतो. पोतं स्वस्त म्हणून उड्या पडतात, पण बऱ्याचदा ते खत नसतंच, नुसतं सुकलेलं शेण असतं. कच्चं शेण झाडाला घालू नका, हे सांगून माझा घसा बसलाय. ते मुळाशी कुजताना तापतं आणि हुमणीला, म्हणजे मुळं कुरतडणाऱ्या अळीला, आयतं घर मिळतं. आमच्याकडे एका वर्षी "पावसात कुजेल की" म्हणत कमिटीने टेम्पोभर शेण वाफ्यांत पसरलं. गणपतीच्या सुमारास जास्वंदींनी माना टाकल्या. माळीकाकांना वाटलं पाणी कमी पडतंय, त्यांनी आणखी पाणी सोडलं. शेवटी एक झाड धरून ओढलं तर अलगद हातात आलं, मुळं सगळी कुरतडलेली. खाली तपकिरी डोक्याच्या, मुरडून पडलेल्या पांढऱ्या जाड अळ्या. वळवानंतर हुमणीचे भुंगेरे निघतात, ते अंडी घालायला असलीच जागा शोधतात. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालते. आत कोमट लागलं किंवा शेणाचा वास आला, तर टेम्पो परत.

दुसरी खोड म्हणजे पान पिवळं दिसलं की युरिया. अहो, कुठलं पान ते तरी बघा! खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी असू शकतं. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार, तर बहुधा लोह मिळत नाहीये. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. मी लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारते. युरियात 46 टक्के नत्र असतं. कुंडीत मूठभर टाकलात तर मुळं भाजतील.

त्याच चुनखडीच्या मातीत कुणीतरी व्हिडिओ बघून चुना घालतं. कोकणातल्या आंबट तांबड्या मातीला तो चालेल, पुण्या-नगरच्या मातीला कशाला?

चहाचा चोथा साखर-दुधासकट ओतू नका, मुंग्या येतात. कोरड्या मातीत रासायनिक खत नको, आधी पाणी द्या. आणि नर्सरीतून आणलेल्या रोपाला त्याच दिवशी खत घालायची घाई कशाला? नवीन पालवी फुटेपर्यंत थांबा.